उताऱ्यावर तिचं नाव

डिसेंबर-जानेवारी हा राष्ट्रीय सेवा योजनेच्या (एनएसएस) शिबिरांचा हंगाम. दत्तक गावात सात दिवसांचा मुक्काम, सकाळी श्रमदान, दुपारी बौद्धिक, रात्री सांस्कृतिक कार्यक्रम. १९६९ साली योजना सुरू झाली, तेव्हापासून हा साचा फारसा हललेला नाही. त्यातला एक दिवस ‘स्त्री-पुरुष समानते’चा असतो. त्या दिवशी प्रभातफेरी निघते, घोषणा होतात, शाळेच्या भिंतीवर सावित्रीबाईंचं चित्र रंगवलं जातं आणि संध्याकाळी पाहुण्यांचं व्याख्यान होतं. पुष्कळ गावांत व्याख्यानाला सरपंचबाई पुढच्या रांगेत बसतात आणि नारळ-शाल त्यांच्या यजमानांना मिळते. दुसऱ्या दिवशी विषय बदलतो, ‘प्लास्टिकमुक्ती’.

नव्या अभ्यासक्रमात क्षेत्र प्रकल्प आणि समाजसहभाग प्रकल्प श्रेयांकांसह आले आहेत. त्यामुळे एनएसएसमध्ये नसलेल्या मुलामुलींनाही असं काहीतरी करावं लागतं. विषयांच्या यादीत ‘महिला सक्षमीकरण’ सर्वांत सोपं वाटतं, कारण त्याला कुणी विरोध करत नाही. गावातला एकही माणूस उभा राहून ‘स्त्री-पुरुष समान नाहीत’ असं म्हणणार नाही. सगळे माना डोलावतील, चहा पाजतील आणि निरोप देतील. ज्या प्रकल्पाला कुणाचाच आक्षेप नाही, त्या प्रकल्पाने कुणाच्या घरात काही हललंय का, हे तपासायला हवं.

म्हणून सुचवायचं आहे ते एवढंच की विषय लहान करा. त्याचं उत्तर गावच्या दप्तरात, कागदावर सापडेल इतका लहान. उदाहरणार्थ, ‘या गावात किती घरं बाईच्या नावावर आहेत?’ हा प्रश्न घ्या. यात ‘समानता’ हा शब्द कुठेच येत नाही, पण तो विचारला की पारावरच्या गप्पा थांबतात. पुढचं सगळं या एका प्रश्नाभोवती लिहिलं आहे. तुम्ही दुसरा विषय निवडलात तरी कामाची रीत साधारण हीच राहील.

दप्तर आधी, घोषणा नंतर

शिबिराच्या महिनाभर आधी महाविद्यालयाच्या पत्रासह ग्रामपंचायतीत जा. ग्रामसेवकांना (पदाचं नाव आता ग्रामपंचायत अधिकारी झालं आहे, गाव अजून ग्रामसेवकच म्हणतं) भेटा आणि नमुना ८ ची नोंदवही पाहायला मिळावी असा लेखी अर्ज द्या. नमुना ८ म्हणजे घरपट्टीच्या आकारणीची नोंदवही. गावठाणातल्या प्रत्येक मिळकतीची त्यात एक ओळ असते. तलाठ्याकडचा आठ-अ वेगळा, त्यात खातेदाराची शेतजमीन असते. या दोन ‘आठां’चा गोंधळ विद्यार्थी हमखास करतात आणि तिथेच ग्रामसेवकांच्या नजरेतून उतरतात. अर्जाची पोच घ्या. शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक असलेली. ही सवय पुढे आयुष्यभर कामाला येईल.

नोंदवही मिळाली की मोजायचं. एकूण मिळकती किती, फक्त पुरुषाच्या नावे किती, फक्त स्त्रीच्या नावे किती, दोघांच्या नावे किती. स्त्रीच्या नावापुढे ‘विधवा’ किंवा ‘मयत अमुक यांची पत्नी’ असं काही असेल तर तोही रकाना वेगळा ठेवा. एकट्या स्त्रीच्या नावावरची बरीचशी घरं नवरा गेल्यानंतर झालेली आहेत, असं पुष्कळ गावांत दिसतं. म्हणजे बाईचं नाव लागायला आधी पुरुषाचं नाव कमी व्हावं लागलं. तुमच्या गावात असंच निघेल की वेगळं, हे नोंदवहीच सांगेल. तुम्ही काढलेला आकडा तुमच्याच गावचा असल्यामुळे तो कुणाला झटकता येणार नाही.

देशभराचे आकडे हाताशी असू द्यात, पण ते भाषणात फार वापरू नका. २०१५-१६ च्या कृषी गणनेत स्त्रियांच्या नावे असलेली वहितीखाती देशात १४ टक्क्यांच्या आसपास होती. केंद्राच्या २०२४ च्या वेळवापर सर्वेक्षणात घरकाम करणाऱ्या बायका त्यावर दिवसाला सरासरी २८९ मिनिटं आणि पुरुष ८८ मिनिटं देतात असं दिसलं. हे आकडे खरे आहेत, पण गावकऱ्यांना ते ‘तिकडचे’ वाटतात. ‘आपल्या गावच्या इतक्या घरांपैकी इतक्याच घरांवर बाईचं नाव’ हे वाक्य मात्र दूध डेअरीवर संध्याकाळपर्यंत पोचलेलं असतं.

कायदा किती सांगायचा

तुम्ही वकील नाही, हे पहिल्याच सभेत सांगून टाका. तरी काही गोष्टी पक्क्या माहीत असायलाच हव्यात, कारण चुकीची माहिती देऊन निघून जाणारी मुलं गावाला नकोच असतात.

सगळ्यात महत्त्वाची गोष्ट म्हणजे नमुना ८ वरचं नाव हा मालकीचा अंतिम पुरावा नव्हे. ती कराची नोंद आहे. ‘नाव लागलं, आता घर तुमचं झालं’ असं एकाही बाईला सांगू नका. मग नाव लावायचं कशाला? कारण ते सुरुवातीचं पाऊल आहे. घराशी तिचा संबंध सरकारी कागदावर येतो, तिला दाखला काढता येतो, घरकुल किंवा कर्जाच्या वेळी तिचा विचार होतो, आणि उद्या वाद झालाच तर तिच्या बाजूने एक कागद असतो. नवरा-बायको दोघांची नावं घराच्या उताऱ्यावर लावावीत, असं ग्रामविकास विभागाने दोन दशकांपूर्वीच सांगितलेलं आहे. ‘घर दोघांचे’ या नावाने ती मोहीम काही गावांत चांगली चालली, काही ठिकाणी परिपत्रक फायलीत राहिलं. तुमच्या गावचं काय झालं, हा एक प्रश्न नोंदवहीसोबतच विचारून घ्या.

खरी मालकी द्यायची असेल तर नोंदणीकृत दस्त लागतो. राहतं घर किंवा शेतजमीन नवऱ्याने बायकोला किंवा बापाने मुलीला बक्षीसपत्राने दिली तर महाराष्ट्रात मुद्रांक शुल्क २०० रुपये आहे. स्थानिक संस्थेचा अधिभार आणि इतर खर्च वेगळा, तो दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात विचारून घ्यायचा. पंतप्रधान आवास योजनेच्या ग्रामीण घरकुलात घर पत्नीच्या किंवा पती-पत्नी दोघांच्या नावे देण्याचा नियम मुळातच आहे. ड्रोनने गावठाणाची मोजणी करून सनद देणारी स्वामित्व योजना तुमच्या गावात चालू असेल तर याहून चांगली वेळ नाही. नव्याने लिहिल्या जाणाऱ्या कागदावर नाव घालणं जुना कागद दुरुस्त करण्यापेक्षा कितीतरी सोपं.

शेतजमिनीसाठी ‘लक्ष्मीमुक्ती’ आहे. तिचा इतिहास तुम्हाला माहीत असावा, कारण गावातल्या म्हाताऱ्या माणसांना तो माहीत असतो. शेतकरी संघटनेचं महिला अधिवेशन नोव्हेंबर १९८६ मध्ये नाशिक जिल्ह्यातल्या चांदवडला भरलं. त्यानंतरच्या काही वर्षांत संघटनेचे नेते शरद जोशी यांनी शेतकऱ्यांना बायकोच्या नावे जमिनीचा तुकडा करून देण्याचं आवाहन केलं. ज्या गावात शंभर जण असं करतील ते लक्ष्मीमुक्तीचं गाव. पुढे १९९२ साली शासनाने परिपत्रक काढलं आणि नवऱ्याने स्वखुशीने अर्ज केला तर सातबारावर सहहिस्सेदार म्हणून बायकोचं नाव लावण्याची वाट मोकळी झाली. यात एक अडचण येते. जमीन भावाभावांत सामाईक असेल तर आधी वाटणीचा प्रश्न उभा राहतो, आणि तो सोडवायला तुम्ही आलेला नाही. अशा माणसाला तलाठी आणि तहसील कार्यालयाची वाट दाखवा, मध्ये पडू नका.

संघटनेचं हे उदाहरण आणखी एका कारणाने लक्षात ठेवण्यासारखं आहे. ते आवाहन पुरुषांना होतं, आणि ते हक्काच्या भाषेत कमी, ऋण फेडण्याच्या भाषेत जास्त होतं. आज एखाद्या कार्यकर्तीला ती भाषा पटणार नाही, मलाही ती अपुरी वाटते. पण बापाच्या वयाच्या शेतकऱ्याशी बोलताना कुठून सुरुवात करायची हे त्यातून कळतं.

कुणाशी, कधी, कुठे

शिबिराचं वेळापत्रक बायकांच्या वेळेशी जुळत नाही, हे बहुतेक प्रकल्पांचं पहिलं अपयश. दुपारी तीनला ‘महिला मेळावा’ ठेवतात. त्या वेळी निम्म्या बायका हरभऱ्यात नाहीतर ऊसतोडीच्या फडात असतात. मग अंगणवाडीताई, आशाताई आणि बचत गटाच्या अध्यक्षा यांच्या जोरावर वीस बायका जमवल्या जातात, फोटो निघतो. बायका कधी मोकळ्या असतात हे त्यांनाच विचारा. सहसा उत्तर येतं, रात्रीची भांडी झाल्यावर. म्हणजे साडेआठ-नऊ. तेव्हा मुलींना शाळेच्या खोलीत कडी लावून बसवायचं असेल तर प्रकल्पाचा विषय बदलावा. कार्यक्रम अधिकारी बाई सोबत असतील, तर आळीतल्या एखाद्या ओसरीवर दहा-बारा जणींची बैठक सहज होते. मोठ्या मंडपात जे बोललं जात नाही ते ओसरीवर येतं.

उमेद अभियानाचे बचत गट ही तुमची सगळ्यात मोठी मदत. गटाची मासिक बैठक ठरलेल्या तारखेला होतेच, तिथे पंधरा मिनिटं मागून घ्या. मकरसंक्रांत ते रथसप्तमी या काळात शिबिर असेल तर हळदीकुंकवाचा विचार मनात येईल. करा, पण निमंत्रण सगळ्या बायकांना द्या, विधवांनाही, आणि ते नुसतं तोंडदेखलं नको. कोल्हापूर जिल्ह्यातल्या शिरोळ तालुक्यातल्या हेरवाडच्या ग्रामसभेने ४ मे २०२२ रोजी विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला. दोन आठवड्यांच्या आत राज्य शासनाने इतर ग्रामपंचायतींनाही तसं आवाहन करणारं परिपत्रक काढलं. एका गावचा ठराव मंत्रालयापर्यंत जातो, याचं हे उदाहरण. तुमच्या दत्तक गावाने असा ठराव केलाय का, केला असेल तर नंतर काय झालं, हेही विचारा. ठराव करणं आणि तिळगूळ घ्यायला त्या बाईला बोलावणं यात पुष्कळ अंतर असतं.

आता पुरुष. बायकांना त्यांची परिस्थिती सांगायला तुम्ही जाऊ नका, ती त्यांना तुमच्यापेक्षा जास्त ठाऊक आहे. उताऱ्यावर सही ज्याची लागते त्याच्याशी बोलायचं आहे. त्यासाठी डेअरी, सेवा सोसायटी, केशकर्तनालय, पारायणाचा मंडप, व्हॉलीबॉलचं मैदान. आणि हे बोलणं गटातल्या मुलांनी करायचं. मुंबईत १९९३ साली हरीश सदानी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘मावा’ ही पुरुषांची संघटना उभी केली, ती याच कामासाठी. कॉलेजच्या तरुणांनी आपल्या बरोबरीच्या तरुणांशी बोलायचं, ही त्यांची पद्धत. मुलींनी आळीत जायचं आणि मुलांनी मंडपाच्या हॅलोजनची वायर ओढायची, ही वाटणी मोडा.

वाटणीवरून आठवलं. शिबिरात स्वयंपाकाची पाळी कुणाची असते, हे गाव बघत असतं. आपण सकाळी ‘घर दोघांचे’ सांगितलं आणि दुपारी शाळेच्या मागे चुलीशी फक्त मुली दिसल्या, तर पुढे काही बोलायची सोय राहत नाही. पाळ्या लावा, त्या दाराबाहेर चिकटवा आणि मुलांच्या हातच्या भाकरीचा आकार पाहून गावातल्या आज्या हसल्या तर हसू द्या. सूत्रसंचालन, आभार, रांगोळी, सतरंज्या उचलणं यांचीही अशीच फेरवाटणी करा.

घरी गेल्यावर

घरोघर जायचं ते दोघांनी, एक मुलगी आणि एक मुलगा. प्रश्न पाच-सहाच. घर कुणाच्या नावे आहे, दोघांचं नाव लावता येतं हे माहीत होतं का, लावायला हरकत काय वाटते, अर्ज हवा असल्यास देऊ का. जात, उत्पन्न, मुलं किती, असलं काही विचारू नका. ते तुम्हाला लागत नाही, आणि न लागणारी माहिती गोळा करणं ही सर्वेक्षणाची वाईट खोड आहे. कागदावर नावाऐवजी क्रमांक लिहा. घरातल्यांचे फोटो काढू नका. सासू-सासऱ्यांसमोर सुनेला ‘तुमच्या नावावर काय आहे?’ असं विचारणं म्हणजे तिला अडचणीत टाकणं. तो प्रश्न घरातल्या कर्त्याला विचारा, ती ऐकत असते.

आता जे ऐकायला मिळेल त्याची थोडी तयारी.

‘उद्या ती सोडून गेली तर अर्धं घर घेऊन जाईल.’ हे वाक्य बहुतेक गावांत पहिल्या दिवशीच येतं. यावर वाद घालू नका. एवढंच विचारा, की गेल्या वीस वर्षांत गावातून किती बायका घर घेऊन गेल्या आणि किती जणींना घराबाहेर काढलं गेलं. उत्तर त्यांच्याकडेच असतं, तुम्ही थांबून राहायचं. कौटुंबिक हिंसाचारविरोधी २००५ चा कायदा नाव नसलेल्या पत्नीलाही राहत्या घरात राहण्याचा हक्क देतो, ही माहिती इथे जाता जाता द्यायला हरकत नाही.

‘पडक्या घरावर नाव लावून काय करू, पोरी?’ हे बायका म्हणतील. त्यावर उत्साहाने भाषण देऊ नका. पत्रे गळत असतील तर उताऱ्याआधी पत्रे, हे तिचं बरोबर आहे. घरकुलाच्या यादीत त्या घराचं नाव आहे का, ते बघून या. असेल, तर तिथेच तिचं नाव घालण्याचा विषय निघतो.

‘बायकोचं लावायचं, मग माझं का नको?’ हा सासूचा प्रश्न, आणि या सगळ्यात अवघड. चाळीस वर्षं त्या घरात राबलेली बाई विचारते आहे. नवऱ्याच्या पश्चात घर थेट मुलाच्या नावावर गेलं, तिला कुणी विचारलं नाही. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्यानुसार विधवा पत्नी ही मुलगा-मुलींच्या बरोबरीची वारस आहे, मृताची आईसुद्धा. मग वारस नोंदीच्या वेळी तिचं नाव का राहिलं, हे शोधणं सुनेचं नाव लावण्याइतकंच समतेचं काम आहे. माझा अनुभव असा, की सासूचा प्रश्न गंभीरपणे घेतला की त्या घरात सुनेचा प्रश्नही सुटायला लागतो. सासूला बाजूला सारून सुनेशी कुजबुजायला गेलात तर दोन्ही गेले.

आणि मग कुणीतरी गटातल्या मुलीकडे वळून विचारील, ‘तुझ्या आईनं मामाकडून हिस्सा घेतला का गं?’

हा प्रश्न येणारच आहे असं धरून, निघण्याआधी एक संध्याकाळ आपसात बोला. महाराष्ट्राने १९९४ साली मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत मुलांसारखा जन्मजात हक्क दिला, केंद्राने तो २००५ साली देशभर लागू केला, आणि ११ ऑगस्ट २०२० च्या विनीता शर्मा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं की २००५ साली वडील हयात नसले तरी मुलीचा हक्क जात नाही. कायदा इतका सरळ आहे. तरी दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात बहिणी हक्कसोडपत्रावर सह्या करताना दिसतात, आणि त्यांच्यावर नेहमी जबरदस्ती झालेली असते असं नाही. माहेर तुटू नये, भाऊबीजेला जायला घर राहावं, म्हणून त्या सही करतात. तुमच्या गटातल्या मुलींपैकी किती जणी उद्या हिस्सा मागतील? मुलांपैकी किती जण बहिणीला आपणहून देतील? खरी उत्तरं द्या, ती गटाबाहेर जाणार नाहीत असं ठरवा. ज्या गटाने हे बोलून घेतलं, तो गावात उपदेशाच्या सुरात बोलत नाही. ‘आमच्याही घरी नाही घेतला, आणि का नाही यावर आम्ही परवाच भांडलो’ असं सांगणारी मुलगी लोकांना आवडते.

वारशाचा हा कायदा हिंदू, बौद्ध, जैन आणि शीख कुटुंबांसाठी आहे. मुस्लीम कुटुंबांत वारसा त्यांच्या व्यक्तिगत कायद्याने ठरतो, आणि हिंदू वारसा कायदा अनुसूचित जमातींना थेट लागू होत नाही. अशा घरी वारशाचं बोलू नका, दोघांच्या नावे घराची नोंद ही गोष्ट तिथेही सांगता येते. पुढचं विचारलं तर तालुका विधी सेवा समितीचा पत्ता आणि १५१०० हा क्रमांक द्या. स्त्रियांना तिथे वकील मोफत मिळतो, उत्पन्नाची अट नाही.

कधी कधी घराच्या प्रश्नातून मारहाणीची गोष्ट निघते. एखादी बाई अर्ज घेताना हळूच सांगते. ऐकून घ्या, लिहून घेऊ नका, नवऱ्याला जाब विचारायला जाऊ नका, गटाच्या व्हॉट्सॲपवर तर एक शब्दही टाकू नका. तुम्ही रविवारी निघून जाल, ती तिथेच राहणार आहे. तिला काय हवंय ते विचारा आणि १८१ ही महिला मदतवाहिनी, ११२ हा आपत्कालीन क्रमांक, तालुक्याचे संरक्षण अधिकारी यांची माहिती द्या, तिच्या मोबाइलमध्ये नंबर दिसणं धोक्याचं असेल तर तोंडी. मग फक्त कार्यक्रम अधिकाऱ्यांना कळवा. गावात बालविवाह ठरल्याचं कळलं तर मात्र गप्प बसायचं नाही. १०९८ या बालमदतवाहिनीला कळवा. ग्रामीण भागात बालविवाह प्रतिबंधक अधिकारी म्हणून ग्रामसेवकांचीच जबाबदारी आहे, हे त्यांनाही आठवण करून देता येतं.

पथनाट्य हवंच असेल तर

दहा मिनिटांचं करा. दारुडा नवरा, छळणारी सासू, रडणारी सून आणि शेवटी येणारी इन्स्पेक्टरबाई हे चौघे महाराष्ट्रातल्या प्रत्येक शिबिरात दरवर्षी भेटतात, त्यांना एकदा सुट्टी द्या. ज्योती म्हापसेकरांचं ‘मुलगी झाली हो’ १९८३ साली स्त्री मुक्ती संघटनेने उभं केलं आणि ते गावोगाव झालं. गाणी, लोकनाट्याचा बाज आणि प्रेक्षकांना हसवत नेण्याची हातोटी यांवर ते चाललं. तुमचं नाटक ग्रामपंचायतीच्या टेबलासमोर घडू द्या. नवरा-बायको अर्ज घेऊन आलेत, शिपाई म्हणतो साहेब मीटिंगला गेलेत, मागे उभा असलेला चुलत भाऊ फुकटचा सल्ला देतोय. भाषा गावची ठेवा. गावातलीच दोन माणसं पात्रांत घेतलीत तर निम्मं काम तिथेच झालं.

शहरातल्या विद्यार्थ्यांना उतारा दूरचा वाटेल. त्यांनी सोसायटीच्या भागदाखल्यांवरची नावं मोजावीत. २०२१ पासून महाराष्ट्रात स्त्रीच्या नावे घर घेतल्यास मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत आहे, ती किती जणांना माहीत आहे तेवढं विचारलं तरी विषय सुरू होतो. किंवा मुंबईतल्या ‘राइट टू पी’ मोहिमेसारखं करावं. २०११ पासून त्या कार्यकर्त्यांनी सार्वजनिक मुताऱ्या मोजल्या, पुरुषांना फुकट आणि बायकांना पैसे हे नोंदवलं आणि तो हिशेब घेऊन महापालिकेत गेले. तुमच्या एसटी स्टँडवर हे एका दिवसात मोजून होईल.

रविवारनंतर

शिबिराच्या शेवटच्या दोन दिवसांत अर्ज भरून घ्या. दोघांच्या सह्या, आधार, जुना उतारा, घरपट्टीची पावती. थकबाकी असेल तर तसं आधीच सांगा, नाहीतर अर्ज तिथेच अडकतो. अर्ज एकगठ्ठा न देता प्रत्येक जोडप्याने स्वतः टेबलावर ठेवावा आणि स्वतः पोच घ्यावी. तुम्ही बाजूला उभे राहा. ग्रामपंचायतीबाहेरच्या फळ्यावर एकूण घरं, दोघांच्या नावे असलेली घरं आणि आलेले अर्ज एवढेच तीन आकडे लिहा. कुणाचंही नाव नको.

ग्रामसभेआधी महिला ग्रामसभा घेणं महाराष्ट्रात बंधनकारक आहे. ती पुष्कळदा वहीत होते. पुढच्या ग्रामसभेच्या आदल्या दिवशी ती खरोखर भरावी, एवढा आग्रह बचत गटाच्या बायकांनी धरला तर विषय त्यांच्या हातात जातो. गावातल्या सर्व मिळकतींवर दोघांची नावं लावण्याचा ठराव तिथे मांडायचा. सूचक एक बाई, अनुमोदक दुसरी, इतिवृत्तात दोघींची नावं. ठरावाचा मसुदा तुम्ही लिहून द्या, तो वाचायचा मात्र त्यांनी.

अहवालात फोटो कमी आणि आकडे जास्त ठेवा. किती अर्ज आले, किती नामंजूर झाले आणि का, किती पुरुषांनी सरळ नाही म्हटलं, हेही लिहा. बहुतेक अहवालांत अपयशाचं पान नसतं, म्हणून ते पुढच्या वर्षीच्या गटाच्या काही उपयोगाचे नसतात. १८५५ साली फुल्यांच्या शाळेतल्या मुक्ता साळवे या विद्यार्थिनीने मांग-महारांच्या दुःखाविषयी निबंध लिहिला तेव्हा ती चौदा वर्षांच्या आसपास होती. ‘ज्ञानोदया’त तो छापून आला. विद्यार्थ्याने जे पाहिलं ते न घाबरता लिहावं, याची परंपरा आपल्याकडे इतकी जुनी आहे. अहवाल त्या जातीचा असू द्या.

१ मेच्या ग्रामसभेला गटातले दोघे तरी परत जा. परीक्षा असेल, ऊन असेल, तरी जा. आवक क्रमांकांची यादी सोबत न्या, प्रत्येक अर्जाचं काय झालं ते विचारा, ज्यांची नोंद झाली त्यांना नव्या उताऱ्याची नक्कल तिथल्या तिथे काढून द्यायला लावा आणि फळ्यावरचा आकडा दुरुस्त करून या. राहिलेल्या अर्जांची यादी पुढच्या तुकडीच्या गटप्रमुखाच्या हाती द्या, म्हणजे त्यांना डिसेंबरमध्ये विषय शोधावा लागणार नाही.